तिसऱ्या, मुळे, खुबे : आधी झालेलं संशोधन शोधताना एआयला नेमकं काय विचारावं?

खाडीकाठ (धागाकर्ती) | सोमवार, रात्री १०:४०

रत्नागिरीजवळच्या खाड्यांतल्या तिसऱ्यांवर (चिखलात राहणारे, दोन शिंपांचे, खाण्याचे प्राणी) माझं पीएचडीचं काम चालू आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, चिखलात उतरायचं, चौकट टाकून तिसऱ्या वेचायच्या, प्रयोगशाळेत आणून मापं घ्यायची आणि जननग्रंथी तपासायच्या. वर्षभराचे नमुने गोळा झाल्यावर ‘पूर्वसंशोधन’ हे प्रकरण लिहायला बसले आणि तिथे अडले.

मी अभ्यासते त्या तिसरीच्या जातीला हल्ली शास्त्रीय नाव लावतात ते मार्सिया ओपिमा. त्या नावाने वर्षभर गूगल स्कॉलर धुंडाळलं होतं. आपल्या किनाऱ्यावरचं फारसं काही मिळालं नाही. ‘या परिसरात या जातीच्या प्रजननावर काम झालेलं आढळत नाही’ असं वाक्य मी कच्च्या मसुद्यात लिहूनही टाकलं होतं.

मग एका रात्री एका एआय सहायकासमोर सगळं मांडलं. कवच कसं दिसतं, कुठे मिळते, मी काय मोजते आहे. त्याने पाच निबंध सुचवले. दोन अस्तित्वातच नव्हते, एक भलत्याच राज्यातल्या खाडीवरचा निघाला. पण उत्तराच्या मधेच एक ओळ होती : जुन्या लेखनात ही जात ‘कॅटेलिसिया ओपिमा’ या नावाने सापडते.

त्या नावाने शोधलं आणि पहिल्याच पानावर नागभूषणम आणि माने यांचा १९७५ सालचा निबंध. काळबादेवीच्या खाडीतली हीच तिसरी, आणि विषय तिचं प्रजनन. काळबादेवी मी जिथे चिखलात उतरते तिथून गाडीने थोड्याच अंतरावर आहे.

पहिले दोन दिवस जेवण गेलं नाही. वर्ष पाण्यात गेलं असंच वाटत होतं. मग निबंधाची झेरॉक्स मिळवून शांतपणे वाचली तेव्हा लक्षात आलं की माझा प्रश्नच बदलला आहे. ही तिसरी अंडी कधी घालते, हे पन्नास वर्षांपूर्वी कुणीतरी महिन्यामहिन्याने पाहून ठेवलं आहे. आता मला विचारता येतं की तो काळ सरकला का. हा प्रश्न माझ्या मूळच्या प्रश्नापेक्षा कितीतरी मोठा आहे, आणि तो विचारण्याची सोय मला त्या दोघांनी करून ठेवली होती. मी फक्त चुकीच्या नावाने हाका मारत होते.

तेव्हापासून मी सहायकाला उत्तर विचारत नाही, नावं विचारते. ‘या गोष्टीला आणखी काय काय म्हणतात? पूर्वी काय म्हणत? दुसऱ्या विद्याशाखेत काय म्हणतात?’ मग ती नावं घेऊन मी स्वतः शोधते. गेल्या महिन्यात अशी सोळा नावं मिळाली, त्यातली नऊ उपयोगाची.

एक अडचण मात्र सुटत नाही. मराठीत विचारलं की घोटाळा होतो. ‘खाडीतल्या तिसऱ्या कधी वाढतात’ असं विचारलं तर तो तिसऱ्या क्रमांकाची कुठली गोष्ट, असं मला उलट विचारतो. तुमच्यापैकी कोण शेतीत, इतिहासात, समुद्रावर काम करताना हे वापरतं? कसं विचारता?

मालवणी_मुलूख | सोमवार, रात्री ११:२५

ताई, मी मालवणचो. आमच्याकडे तिसरे, मुळे आणि खुबे ही तीन वेगळी नावां आसत. बाजारात बसणारी बाय एकाक दुसरा कधीच म्हणूची नाय. मी मशीनीक इचारलंय, ‘मुळे खंयच्या महिन्यात गावतत?’ तर ता गाजर, बीट आणि मुळो सांगूक लागला. दुसऱ्यांदा इचारलंय तर ‘कशामुळे?’ म्हणून माकाच प्रश्न.

आता ह्येचो उपाय काय ता तुम्ही जाणकारांनी सांगा. माका शास्त्रीय नावां येणत नाय, आणि माझ्या आवशीक तर अजिबात नाय. पण खंयचो मुळो खंयच्या चिखलात, ह्यां तिका झोपेत्सून उठवून इचारल्यार पण सांगतली.

भरती_सुकती | मंगळवार, सकाळी ७:१०

मी मूळचा सावंतवाडीचा, पुण्यात एआयच्याच क्षेत्रात नोकरी करतो. खाडीकाठ यांना आलेला अनुभव नीट समजून घेण्यासारखा आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

हे सहायक दोन तऱ्हांनी उत्तर देतात. एक, आठवणीतून. शिकताना वाचलेल्या प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज करत वाक्य विणलं जातं. निबंधाचं शीर्षक, लेखक, साल, पान क्रमांक, सगळं याच रीतीने विणलं जातं. म्हणूनच नसलेला निबंध इतका खरा वाटतो. विषय बरोबर असतो, लेखक त्याच क्षेत्रातले असतात, नियतकालिकही खरं असतं, फक्त तो लेख कधी कुणी लिहिलेला नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने खास शास्त्रीय लेखनावर शिकवलेलं गॅलॅक्टिका हे मॉडेल लोकांपुढे ठेवलं होतं. अशाच आत्मविश्वासपूर्ण चुकांवरून इतकी टीका झाली की तीन दिवसांत ते प्रात्यक्षिक मागे घ्यावं लागलं. चॅटजीपीटी आलं ते त्याच महिन्याच्या अखेरीस.

दुसरी तऱ्हा शोधून सांगण्याची. आधी खऱ्या संग्रहात शोध घ्यायचा, सापडलेले उतारे समोर ठेवायचे आणि त्यांच्या आधारे लिहायचं. २०२० च्या एका निबंधानंतर याला रिट्रीव्हल ऑगमेंटेड जनरेशन म्हणू लागले. यात नसलेला निबंध उभा राहण्याची शक्यता खूप कमी होते, पण असलेल्या निबंधात नसलेली गोष्ट घुसडली जाऊ शकते. तेव्हा पहिलं पाहायचं ते हे की आपला सहायक आत्ता शोधतो आहे की आठवतो आहे. शोधत असेल तर दुवे देतो. दुवा उघडायचा.

आता ‘कॅटेलिसिया’ कसं सापडलं? जुना शोध अक्षरं जुळवतो. तुम्ही मार्सिया लिहिलंत, तर कॅटेलिसिया लिहिलेला कागद त्याला दिसणार नाही. भाषेची ही मॉडेल्स शब्दाला आकड्यांच्या रूपात साठवतात आणि जे शब्द सारख्या संदर्भात येतात ते त्या आकड्यांत जवळजवळ बसतात. दोन्ही नावं वर्षानुवर्षं त्याच खाड्या, तोच चिखल, तेच कवच यांच्या सोबतीने छापली गेली आहेत. म्हणून एक हलवलं की दुसरं हलतं. नावं विचारायची तुमची पद्धत या यंत्राच्या सगळ्यात भक्कम बाजूवर उभी आहे, आणि संदर्भयादी मागणं सगळ्यात कच्च्या बाजूवर.

मालवणी_मुलूख, तुमचं उत्तरही यातच आहे. मराठी मजकूर त्याने इंग्रजीच्या मानाने फार थोडा वाचलाय आणि मालवणी तर नावापुरती. त्यात ‘मुळे’ हा शब्द हजारदा आला असेल तो ‘पावसामुळे’, ‘त्यामुळे’ असा. चिखलातले मुळे त्याने कितीदा पाहिले असतील? म्हणून शब्द एकटा देऊ नका. वर्णन द्या : ‘खाडीच्या चिखलात मिळणारा, दोन शिंपांचा, खाण्याचा प्राणी, सिंधुदुर्गात याला मुळे म्हणतात, याच्या कोणकोणत्या जाती असू शकतील?’ एवढं लिहिलंत की गाजर येणार नाही.

पुस्तकवाली | मंगळवार, दुपारी १:०५

माझं आयुष्य ग्रंथालयात गेलं. ज्या शहरातलं नगर वाचनालय १८२८ सालापासून चालू आहे त्या रत्नागिरीत वाढले, त्यामुळे पुस्तक शोधणाऱ्या माणसांबद्दल थोडं बोलायचा अधिकार आहे असं समजते.

वाचक टेबलापाशी येऊन जे मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही. एकदा एक गृहस्थ खाडीचा जुना नकाशा मागायला आले. दहा मिनिटं बोलल्यावर कळलं, त्यांच्या आजोबांच्या खाजणाला (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीला) कधीकाळी बांध होता का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यासाठी नकाशा कमी कामाचा, जुने महसुली कागद जास्त. आम्ही हे बोलणं शिकलेलो असतो. तुम्हाला हे कशासाठी हवं आहे, आतापर्यंत काय पाहिलंत, कुठल्या काळातलं, किती खोलात. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं ‘वाचकाचा वेळ वाचवा’. वेळ वाचतो तो या उलट प्रश्नांनी.

एआय सहायकाशी ‘संवाद’ होतो म्हणतात, पण माझा अनुभव असा की तो विचारलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर देऊन मोकळा होतो. प्रश्न चुकीचा असला तरी. म्हणून मी सुरुवातीलाच लिहिते : ‘उत्तर देऊ नकोस. आधी मला पाच प्रश्न विचार, म्हणजे मला नेमकं काय हवंय ते तुला कळेल.’ हे केल्यावर तो जवळजवळ आमच्यासारखं विचारू लागतो. कधी कधी त्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहितानाच मला माझा रस्ता सापडतो आणि पुढचं त्याला विचारावंच लागत नाही.

खाडीकाठ, तुला एक जुनी गोष्ट सांगते, मासळीचीच आहे. शिकागो विद्यापीठात डॉन स्वॉन्सन नावाचे माहितीशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी १९८६ मध्ये दाखवलं की माशाच्या तेलाने रक्ताचा दाटपणा कमी होतो हे एका बाजूच्या निबंधांत लिहिलेलं आहे. आणि रेनॉ नावाच्या आजारात, ज्यात थंडीने बोटं पांढरी पडतात, रक्त दाट झालेलं असतं हे दुसऱ्या बाजूच्या निबंधांत. दोन्हीकडचे लोक एकमेकांचं वाचत नव्हते, संदर्भही देत नव्हते. स्वॉन्सन यांनी दोन्ही ढीग शेजारी ठेवले आणि म्हणाले, मग माशाचं तेल या आजारावर देऊन पाहायला हवं. पुढे तशी चाचणी झाली आणि काही रुग्णांत फरकही दिसला. नवा प्रयोग न करता, फक्त छापलेलं वाचून हे सापडलं. तुझी पन्नास वर्षांपूर्वीची तिसरी आणि आजची तिसरी हे असेच दोन ढीग आहेत.

मराठी शब्दांसाठी एक सांगते. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती इंटरनेटवर शोधता येते आणि त्यात समुद्रकाठचे पुष्कळ शब्द आहेत. तुझ्या नावांच्या यादीची सुरुवात तिथून कर.

देवगडचा_बागायतदार | मंगळवार, रात्री ९:५०

मी संशोधक नाही. हापूसची साडेतीनशे कलमं आहेत, बहुतेक कातळावरची. पण मलाही आधी झालेलं संशोधनच हवं असतं आणि ते माझ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून लिहितो.

माझं दुखणं साका. बाहेरून फळ देखणं, कापलं की आत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर. गिऱ्हाईक पेटी परत करतं आणि आपली मान खाली. मी सहायकाला मराठीत विचारलं, ‘आंब्यात साका का होतो?’ त्याने फळमाशीवर सल्ला दिला आणि वर फवारणीचं औषधही सांगितलं. ते ऐकून फवारणी केली असती तर पैसे गेले असते आणि साका तसाच राहिला असता.

हा धागा वाचून काल रात्री पद्धत बदलली. शब्द दिला नाही, लक्षणं दिली, आणि फक्त विचारलं की शास्त्रज्ञ याला काय म्हणतात. उत्तर आलं ‘स्पंजी टिश्यू’. त्या नावाने मुलीने शोधून दिलं आणि दारच उघडलं. १९३४ मध्ये चीमा आणि दाणी यांनी याचं वर्णन करून ठेवलंय. म्हणजे माझ्या आजोबांच्या वेळेपासून हे माहीत आहे! २००४ मध्ये बेंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी करंट सायन्स या नियतकालिकात लिहिलं की याचं मूळ कोयीत आहे, फळ झाडावर असतानाच बी रुजायची तयारी करू लागतं आणि गराचं बिघडतं. जमिनीतून वर येणाऱ्या धगीचा संबंधही काही अभ्यासांत दाखवलाय, आणि झाडाखाली आच्छादन घातल्यावर साका कमी झाल्याच्या नोंदी आहेत. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम आणि हापूसचा संकर करून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आणला, त्यात साका होत नाही, एवढं मात्र आम्हा सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

अजून एक. आमच्याकडे फळ ‘चौदा आणे’ तयार झालं की काढतात. पूर्ण सोळा आणे होऊ दिलं की साक्याची भीती. शास्त्राच्या पुस्तकात हेच ८५ टक्के पक्वता असं लिहिलेलं आहे. सोळातले चौदा म्हणजे साडेसत्याऐंशी. म्हणजे वडील बोलायचे ते आणि छापलेलं ते जवळपास एकच, पण ‘चौदा आणे’ या शब्दाने शोधलं तर यातलं काही सापडत नाही. मला याचं फार वाईट वाटलं. आपल्याकडचं ज्ञान दोन्हीकडे आहे आणि मधे पूल नाही.

या हंगामात वीस कलमांखाली पेंढा घालणार आहे आणि शेजारची वीस तशीच ठेवणार. पेट्यांवर खूण करून मोजेन.

जुना_मास्तर | बुधवार, सकाळी ६:३०

दापोलीत कृषी शाखेच्या मुलांना शिकवून निवृत्त झालो. सगळ्यांच्या पोस्टी वाचल्या. मला काळजी वाटते ती मोकळेपणाने लिहितो. कुणाला नाउमेद करायचा हेतू नाही.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचा प्रबंध तपासायला आला. संदर्भयादीत माझं नाव होतं, खार जमिनीतल्या भातावरचा निबंध, साल १९९१, नियतकालिकाचं नाव, अंक, पानं. तो निबंध मी कधी लिहिलेला नाही. माझं काम त्याच विषयात होतं, त्या नियतकालिकात मी इतर काही लिहिलंही होतं. पण तो नाही. मुलगा प्रामाणिक होता. त्याने सहायकाकडून यादी घेतली आणि सगळी नावं ओळखीची वाटली म्हणून उघडून पाहिली नाहीत. त्याच्या मार्गदर्शकांनीही नाही. मला त्या मुलाचा राग आला नाही. मला भीती वाटली की मी नसलो तर तो निबंध दुसऱ्याच्या यादीत जाईल, तिथून तिसऱ्याच्या, आणि वीस वर्षांनी कुणीतरी म्हणेल की १९९१ मध्ये अमुक सिद्ध झालं होतं.

आधीचं न शोधण्याचा तोटाही मला ठाऊक आहे. १९९४ मध्ये मधुमेहावरच्या एका नामांकित नियतकालिकात आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायची ‘नवी’ रीत छापून आली. ती समलंब चौकोनांची रीत होती, जी गणिताच्या विद्यार्थ्याला पहिल्या-दुसऱ्या वर्षाला शिकवतात. लेखक, परीक्षक, संपादक, कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण वैद्यकातल्या लोकांना गणितातलं तिचं नाव माहीत नव्हतं. अशा वेळी कुणी एआयला नुसतं विचारलं असतं की या रीतीला काय म्हणतात, तर एका मिनिटात निभावलं असतं. तेव्हा खाडीकाठ, तुमची नावं विचारायची पद्धत मला पटते.

पण आपल्या भागातलं किती ज्ञान या यंत्राला दिसतं? कोकण कृषी विद्यापीठ १९७२ चं. सुरुवातीच्या काळातले प्रबंध टंकलिखित. कृषिकोशावर (कृषी प्रबंधांच्या इंटरनेटवरच्या संग्रहावर) जे चढवले आहेत त्यातले पुष्कळसे पानांचे फोटो काढल्यासारखे आहेत, अक्षरं पुसट. दरवर्षी विद्यापीठांची संयुक्त बैठक होऊन शेतकऱ्यांसाठी शिफारशी निघतात, त्या मराठी पुस्तिकांत आणि कृषी दैनंदिनीत छापल्या जातात. त्यातल्या किती शोधता येण्याजोग्या आहेत? आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे फसलेले प्रयोग. अमुक वाण लावून पाहिलं, खाऱ्या पाण्यात तगलं नाही. तमुक खत दिलं, फरक पडला नाही. हे संशोधन केंद्राच्या नोंदवहीत राहतं, छापलं जात नाही. म्हणून यंत्र ‘याबद्दल काही आढळत नाही’ म्हणालं की लगेच ‘काम झालेलं नाही’ असं लिहू नका. आधी त्या केंद्रावरच्या जुन्या क्षेत्र सहायकाला भेटा. त्याला आठवतं.

खाडीकाठ | बुधवार, दुपारी २:१५

सर, ‘काम झालेलं आढळत नाही’ हे वाक्य मी खरोखरच लिहिलं होतं, म्हणून तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं. ते मी मसुद्यातून काढून टाकलंय. आता प्रत्येक संदर्भापुढे वहीत तीनपैकी एक खूण करते : पूर्ण वाचला, नुसता सारांश वाचला, फक्त नाव ऐकलं. तिसरी खूण असलेला एकही संदर्भ प्रबंधात जाणार नाही. पहिल्या दिवशी मोजलं तर माझ्या सत्तर संदर्भांतले एकवीसच पूर्ण वाचलेले होते, आणि यात एआयचा काही दोष नव्हता. ही सवय आधीपासूनची.

भरती_सुकती, निबंधाचा डीओआय, म्हणजे इंटरनेटवरचा कायमचा ओळखक्रमांक, तपासणं पुरेसं आहे का?

भरती_सुकती | बुधवार, संध्याकाळी ७:४५

अर्धंमुर्धं. डीओआय टाकल्यावर भलताच लेख उघडला तर संदर्भात काहीतरी चुकलंय हे नक्की, बनावटही असू शकतो. पण डीओआयची व्यवस्था २००० सालापासूनची आहे. १९७५ च्या निबंधाला तो नसू शकतो, आणि नाही म्हणून निबंध खोटा ठरत नाही. अशा वेळी त्या निबंधाचा उल्लेख दुसऱ्या कुठल्या खऱ्या निबंधाच्या यादीत आहे का ते बघायचं. एक पक्का निबंध मिळाला की त्याच्या यादीतून मागे जायचं आणि त्याला पुढे कुणी उद्धृत केलं ते पाहून पुढे यायचं. ओपनअ‍ॅलेक्स आणि सिमँटिक स्कॉलर या निबंध शोधायच्या दोन्ही जागा फुकट आहेत आणि दोन्हींवर हे करता येतं.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. हे सहायक होला हो करतात. ‘कांदळवन वाढल्यामुळे तिसऱ्या कमी झाल्या ना?’ असं विचारलंत तर तो तुमच्या बाजूची कारणं गोळा करून देईल. ‘कांदळवन वाढल्यामुळे तिसऱ्या वाढल्या ना?’ विचारलंत तर तितक्याच जोमाने त्या बाजूची. मी आता दोन वेगळ्या संवादांत दोन्ही बाजूंनी विचारतो आणि दोन्हीकडे जे निबंध येतात तेवढेच आधी उघडतो. प्रश्नात आपलं मत कळू द्यायचं नाही, मुलाखत घेताना देत नाही तसं.

सडा_आणि_कातळ | गुरुवार, रात्री १२:२०

मी सड्यांवरची, म्हणजे कातळाच्या पठारांवर कोरलेली, कातळशिल्पं पाहत हिंडतो, हौशी आहे. नावांचा प्रश्न आमच्याकडे अजून बिकट. कातळशिल्प, खोदचित्र, भूचित्र, आणि इंग्रजीत जिओग्लिफ, पेट्रोग्लिफ, रॉक आर्ट. प्रत्येक शब्दाखाली वेगळे निबंध. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत कोकणातल्या नऊ जागा गेल्या, बारसू, कशेळी, उक्षी, कुडोपी वगैरे. तेव्हापासून सहायकाला त्या नऊच माहीत आहेत असं वाटतं. वय विचारलं तर बेधडक आकडा सांगतो, जिथे जाणकारांमध्येच अजून एकमत नाही. मी त्याला आता ‘वय किती’ विचारत नाही. ‘वय ठरवण्याच्या कुठल्या रीती इथे वापरता येतात आणि जांभ्या दगडावर त्यांच्या काय अडचणी आहेत’ असं विचारतो. याची उत्तरं बरी येतात.

एक विनंती सगळ्यांनाच. जी जागा अजून कुठे नोंदलेली नाही तिचे अक्षांश-रेखांश किंवा फोटो या सहायकांमध्ये टाकू नका. आपण टाकलेलं पुढे कुठे जातं ते आपल्या हातात राहत नाही. खाडीकाठ, तिसऱ्यांच्या भरघोस जागांनाही हे लागू आहे. उद्या कुणी ट्रॉली घेऊन उतरेल.

पुस्तकवाली | गुरुवार, सकाळी १०:००

सडा, हे फार बरं सांगितलंत. अप्रकाशित मोजमापंही तशीच जपावीत.

खाडीकाठ | रविवार, संध्याकाळी ६:३०

जुना_मास्तर सरांचं ऐकलं. काल अमावस्येच्या सुकतीला वेचायला येणाऱ्या एका आजींसोबत उतरले. आतापर्यंत मी त्यांच्या शेजारीच चौकट टाकत होते, पण बोललो होतो ते पाण्याबद्दल, पावसाबद्दल. काल पहिल्यांदा टोपलीतलं एकेक उचलून नाव विचारलं.

मी जिला एकच जात धरते तिला त्या दोन नावांनी ओळखतात. एक वरच्या, वाळूमिश्र जागेतली, कवचावर ठसठशीत नक्षी असलेली. दुसरी खालच्या काळ्या चिखलातली, फिकट. त्यांच्या मते दोघी वेगवेगळ्या महिन्यांत ‘भरतात’, म्हणजे मांसाने फुगतात. हे खरं असेल तर माझ्या वर्षभराच्या नमुन्यांत दोन गोष्टी मिसळल्या आहेत. घरी येऊन मापं पुन्हा उघडली. वरच्या आणि खालच्या चौकटी मी सुदैवाने वेगळ्या नोंदल्या होत्या. वेगळ्या करून आलेख काढला आणि एका उंचवट्याच्या जागी दोन दिसले. अजून काही सिद्ध झालेलं नाही, दोन्हींची तपासणी नीट करावी लागेल.

मग सहायकाला विचारलं : एकाच जातीच्या शिंपल्यांमध्ये तळाच्या मातीनुसार रंग आणि प्रजननाचा काळ बदलतो, याला काय म्हणतात, आणि दोन वेगळ्या जाती एक समजल्या जातात त्याला काय म्हणतात? दोन्हींची नावं मिळाली. दोन्ही नावांनी मिळून अकरा निबंध उघडले, अकराही खरे निघाले, त्यातले चार वाचून झाले. आजींनी सांगितलेली दोन नावं मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्यांना विचारून, त्यांच्या नावाने प्रबंधात लिहीन. त्यांचा संदर्भ कसा द्यायचा याची रीत कुणाला माहीत असेल तर सांगा. मुलाखत म्हणून द्यायचा की कसा?

मला आता किनाऱ्यावरच्या नावांची वही करायची आहे, डहाणूपासून बांद्यापर्यंत. खाडीचं नाव, तिथला शब्द, दिसायला कशी, कुठल्या तळावर, कुठल्या महिन्यात. शास्त्रीय नाव नसलं तरी चालेल. पाच ओळी पुरे. मालवणी_मुलूख, तुमच्या आईपासून सुरुवात करूया का?

मालवणी_मुलूख | रविवार, रात्री ८:०५

आवस आता जेवता हा. तिका सांगितलंय, ती म्हणता, फोनार नको, तुका बोलव, टोपली घेवन बसतंय, दाखवतंय. येत्या पौर्णिमेक या.

पुस्तकवाली | रविवार, रात्री ८:४०

मुलाखत म्हणूनच दे. नाव त्यांच्या परवानगीने, गाव, दिवस आणि सुकतीची वेळही लिही. आणि ध्वनिमुद्रण करत असशील तर त्याची एक प्रत त्यांच्या घरी ठेव.

खालच्या_वाडीतला | रविवार, रात्री ११:१५

श्रीवर्धनकडचा आहे. इथे काही लिहायचं धाडस पहिल्यांदाच करतोय. आमच्याकडे त्या काळ्या चिखलातल्या फिकटीला वेगळं नाव आहे, पण ते मला नक्की आठवेना. आत्याला सकाळी विचारून लिहितो.